राहीबाईचा गिलावा

या, असे अंमळ पुढं सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धंच ऐकू येईल आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं भराल; तसं करून लोकांनी फार घोटाळे केले आहेत. गोष्ट सांगतो ती एका शब्दाची आहे, एका भिंतीची आहे, आणि दोन मोठ्या माणसांची आहे. मोठी म्हणजे पोटाच्या घेरानं.

शब्द आहे गिलावा. आता तुम्ही सिमिट लावता आणि प्लास्टर म्हणता. आमच्या वेळी भिंतीला पहिला हात बसायचा तो गिलावा. पांढरीची, म्हणजे गावठाणातली माती, गव्हाचं भुसकट, घोड्याची लीद आणि पाणी खड्ड्यात कालवायचं, कुजू द्यायचं, पायानं तुडवत राहायचं. नाक धरावं असा वास सुटला की माल तयार. मग त्याचे गोळे करून भिंतीवर थापायचे. थापायचे कसले, मारायचे! वर हाताचे वळ राहतील ते राहू द्यायचे. पहिला हात खडबडीत असला तरच त्यावर दुसरा धरतो.

या शब्दाला दुसरीही कामं होती. पोरानं दहीभात गालफडाला फासला की आया म्हणायच्या, “काय गिलावा केलाय बघा!” आणि आम्हा टाळकऱ्यांची एक खूण होती. एखादे बुवा संस्कृत श्लोकांवर श्लोक थापायला लागले आणि आत भक्तीचा पत्ता नसला, की मागचा पुढच्याच्या कानात सांगायचा, “नुसता गिलावा हाय गड्या. भिंतच न्हाई आत.” कीर्तन मी जन्मभर ऐकलं. भुकेपोटी ऐकलं, तापात ऐकलं. त्यामुळं भिंत कुठं आहे आणि नुसता गिलावा कुठं, एवढं मला कळतं.

आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं. पंचेचाळीस सालचा चैत्र. लढाई अजून संपली नव्हती. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर, सिमिट तर परमिटाशिवाय डोळ्याला दिसत नव्हतं. मारुतीच्या देवळाच्या भिंतींचे पोपडे निघाले होते आणि हनुमानजयंतीचा सप्ताह जवळ आला होता.

देवळाचा कारभार लालासाहेबांकडं. लालासाहेब म्हणजे गावातला मोठा ऊस त्यांचा, मोठं गुऱ्हाळ त्यांचं, आणि मोठा आवाजही त्यांचाच. लढाई पेटल्यावर त्यांनी गावातली पोरं सरकारला भरती करून दिली. त्याबद्दल त्यांना एक बंदूक आणि एक बिल्ला मिळाला. बिल्ला ते सदऱ्यावर लावत आणि बंदुकीनं कावळे हाकलत. स्वतःचा पुतण्या तेवढा त्यांनी फलटणकडच्या एका साखर कारखान्यात चिकटवला. छातीचं माप कमी भरतं म्हणे. त्या छातीत आमचे दोन कृष्णात मावले असते.

कृष्णात हा, जिची ही गोष्ट त्या राहीबाईचा नवरा. लालासाहेबांनीच त्याला साताऱ्याला नेऊन भरतीच्या रांगेत उभा केला. तो ब्रह्मदेशाकडं गेला, आणि दिवाळीपासून त्याची काही खबर नव्हती. राहीबाई रोज चावडीवर विचारायला जायची आणि रोज तशीच परत यायची. शेवटी तिनं मारुतीला नवस बोलला. मी तिथंच झांजा पुसत बसलो होतो, म्हणून शब्द न शब्द माझ्या कानी आला.

“मारुतीराया, तुझ्या जन्माच्या कीर्तनाला मी माझ्या हातानं भिंत करून देती. जन्माचं कीर्तन माझ्या भिंतीला लागू दे, आन् माझा माणूस माघारी येऊ दे.”

लागू दे म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. कीर्तनाचा आवाज भिंतीला लागतो आणि भिंत तो धरून ठेवते, अशी समजूत. म्हणून तर बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीआड भजन लावतात.

परवानगी मागायला ती लालासाहेबांकडं गेली. फुकट काम म्हटलं की लालासाहेबांची भक्ती नुसती उचंबळून येत असे. “लाव की!” ते म्हणाले. “मारुती काय माझ्या एकट्याचा हाय?”

राहीबाईनं माती आणली, सासूनं भुसकट दिलं, लीद मी आष्ट्याच्या टांगेवाल्याकडून आणून टाकली. गाभाऱ्यात बाईमाणसानं जायचं नाही, पण मंडपाला हरकत नव्हती. मंडपाच्या तिन्ही भिंती तिनं एकटीनं थापल्या. वर हाताच्या चंद्रकोरी उठल्या होत्या, एकीत एक अडकलेल्या. मी आपला बघत उभा राहायचो. देवाला नवीन घोंगडी पांघरल्यासारखं वाटायचं.

आणि मग आले दाजीशास्त्री.

शास्त्रीबुवा सांगलीचे. कधी काळी कुठल्याशा पाठशाळेत शिकवत होते. आता त्यांनी भाषा धुवायला काढली होती. परकी शब्द वेचून काढायचे आणि त्यांच्या जागी सोवळे शब्द बसवायचे, असा त्यांचा धंदा. त्यासाठी ते एका श्रीमंताकडून दुसऱ्या श्रीमंताकडं मुक्काम हलवत. माधवनगरच्या एका गिरणीवाल्याची जीभ शुद्ध करून झाली, पुरणपोळी संपली, म्हणून आता आमच्या लालासाहेबांकडं उतरले होते.

लालासाहेब त्यांना देऊळ दाखवायला घेऊन आले. राहीबाई शेवटचा कोपरा लिंपत होती.

“हे काय चाललं आहे?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

आमचा आकाराम गुरव भोळा. तो म्हणाला, “गिलावा जी.”

शास्त्रीबुवांनी उपरणं नाकाला लावलं. लिदीच्या वासानं लावलं असतं तर मी समजलो असतो. पण नाही, शब्दाच्या वासानं लावलं.

“गिल म्हणजे फारसीत चिखल,” ते म्हणाले. “आब म्हणजे पाणी. त्यांचा गिलाबा, तोच तुमचा गिलावा. लालासाहेब, रामदूताच्या मंडपाला यवनी चिखल फासताय तुम्ही!”

शब्दाची फोड त्यांनी बरोबर केली होती, खोटं कशाला बोलू? पण लाकूड बरोबर फोडलं म्हणून कुणी घराचं आढं फोडायला जात नाही. आणि लालासाहेबांच्या नावातला साहेब कुठल्या मुलखातून आला, हे का शास्त्रीबुवांना ठाऊक नव्हतं? पण त्या साहेबाच्या घरी तूप होतं, म्हणून तो शब्द सोवळ्यात बसला.

“आयला!” लालासाहेब कळवळले. “आन् आमाला कुनी सांगितलंच न्हाई!”

“पर चिखल तर आपल्याच पांढरीचा हाय की, सरकार,” आकाराम म्हणाला.

“तू घंटा वाजव.”

दुसऱ्या दिवशी गडी खोरी घेऊन आले. राहीबाई धावत आली तोवर एक भिंत खरवडून झाली होती. ती आडवी उभी राहिली.

“आवं सरकार, नवसाचा हाय त्यो!”

“नवस तुझा, भिंत देवाची,” लालासाहेब म्हणाले.

“देवाचीच हाय म्हणून तर लावला न्हवं? तुमीच म्हनला, लाव म्हणून!”

“तवा आमाला कुठं ठावं हुतं त्यो मुसलमान हाय त्ये?”

“कोन?”

“गिलावा!”

राहीबाईनं खाली पडलेला एक गोळा उचलून बघितला. मातीचा गोळा मुसलमान कसा होतो, ते तिला समजेना. मलाही अजून समजलेलं नाही.

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. पण मग शास्त्रीबुवा बोलले, आणि ते मात्र मी अजून विसरलो नाही. मोठ्या शांतपणानं बोलले, जेवणानंतर बडीशेप मागावी तसे.

“बाई, नाव अशुद्ध, म्हणून कृती अशुद्ध. कृती अशुद्ध, म्हणून नवस देवापर्यंत पोचलाच नाही. उगाच आक्रोश करू नका.”

ब्रह्मदेशात ज्याचा जीव टांगलेला, त्याच्या बायकोला हे सांगायचं! राहीबाई भिंतीपुढून बाजूला झाली. ती खाली बसली. गडी खरवडत राहिले आणि ती माती पाटीनं उचलून देवळाच्या मागं फेकत राहिले.

मग सुरू झालं शुद्ध काम. त्याला नाव दिलं दिव्यलेपन. शास्त्रीबुवांनी सांगितलेली पद्धत अशी: माती कृष्णेच्या घाटाची. भुसकट नाही, कारण ते बैलांच्या खुराखालचं. लीद तर नाहीच नाही. त्याऐवजी दूध, दही, तूप, मध. आणि साखर रेशनवर, म्हणून लालासाहेबांच्या गुऱ्हाळातली घागरभर काकवी. आणि सगळ्यात थोर गोष्ट म्हणजे माती पायानं तुडवायची नाही! देवाची माती, तिला पाय लावायचा? म्हणून लालासाहेब स्वतः सोवळं नेसून पळीनं ती ढवळत बसले. एवढी मोठी गुऱ्हाळातली काहील भरून चिखल, आणि हा माणूस त्यात संध्येची पळी फिरवतो आहे. मी मनात म्हटलं, मारुतीराया, तू डोंगर उचललास, पण हसू आवरून हे बघत बसायचं काम त्याहून अवघड आहे.

मग तो लेप गवंड्याच्या करणीनं गुळगुळीत करून भिंतींना लावला. दिसायला झकास दिसला. सुंदर दिसतं ते टिकतं अशी मोठ्या लोकांची समजूत असते.

सप्ताह सुरू झाला. शेवटच्या कीर्तनांना नाथाजीबुवा आले. बुवा माणदेशाकडचे, मेंढरांमागं वाढलेले. आवाज घोगरा, धोतर आखूड, पण एकदा हरिनाम घेतलं की मंडपातल्या माणसाला आपलं घरदार आठवत नसे. शास्त्रीबुवांनी त्यांच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. बुवांनी खाली वाकून त्यांना नमस्कार केला. तो नमस्कार वाया गेला असं मला तेव्हाच वाटलं.

आल्या दिवशी बुवा ओढ्यावरून अंघोळ करून येत होते, मी त्यांचं धोतर घेऊन मागं होतो. राहीबाई वाटेत उभी होती.

“बुवा, एक इचारू? नाव चुकलं तर नवस देवाला पोचत न्हाई का?”

बुवांनी मला विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं. फारसी, गिल, आब, सगळं. वाटलं, बुवा आता शास्त्र काढतील. त्यांनी डोकं खाजवलं.

“फारसी मला येत न्हाई, बाबा,” ते म्हणाले. “इजापूरकडनं कोन गवंडी आलं असतील आन् त्यांच्यासंगं शबूद आला असंल. गवंडी हितंच मेलं, शबूद हितंच ऱ्हायला. आता त्याला कुठं घालवता?” मग राहीबाईकडं वळून म्हणाले, “माती कुठं हाय ती?”

“देवळामागं टाकलीया.”

“मग भिजव की. मातीला राग येत न्हाई. पुन्यांदा भिजली की पुन्यांदा लागती.”

“लावू कुठं? मंडपात पाय टाकू देत न्हाईत.”

“देवाला मागली बाजू न्हाई व्हय?”

राहीबाईनं खरवडलेली माती भिजवली. पाणी मी आणलं, सासू आणि ती दोघी चिखलात उतरल्या. लालासाहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “मागं काय करायचं त्ये करा. मागं कोन बघतंय?” पुढची बाजू सोडून दुसरी बाजू असते हे त्यांच्या कधी लक्षात आलंच नव्हतं. घोड्यावर बसून जन्म गेला, शेपूट मागं असते हे ठाऊक नाही.

त्याच मातीनं देवळाची मागची भिंत थापून झाली. पण राहीबाईचं तोंड उजळलं नाही. मी म्हटलं, “झालं की, बाई.” ती म्हणाली, “कुठं झालं, भावजी? जन्माचं कीर्तन पुढं मंडपात हुनार. माझ्या भिंतीला लागनार कसं? मधी आख्खा देव हाय.”

खरंच होतं ते.

हनुमानजयंतीला जन्माचं कीर्तन पहाटे उभं राहतं आणि बरोबर सूर्य उगवताना जन्म होतो. पुढंमागं करता येत नाही. मंडप गच्च भरला. गॅसबत्त्या लावल्या होत्या. लालासाहेब दिव्यलेपनाच्या भिंतीला लोड लावून बसले, बिल्ला लावून. शेजारी शास्त्रीबुवा. राहीबाई आत आलीच नाही. ती मागं आपल्या भिंतीपाशी बसली होती.

मुंग्या आदल्या दिवसापासूनच दिसत होत्या. आकारामनं सांगितलं तर शास्त्रीबुवा म्हणाले होते, मुंगी हे समृद्धीचं लक्षण. आता समृद्धी वाढली. गॅसबत्त्यांच्या उबेनं काकवी पाझरायला लागली होती आणि न तुडवलेल्या, भुसकट नसलेल्या त्या मातीला भेगा पडल्या होत्या. प्रत्येक भेगेतून लाल मुंग्यांची वारूळं जागी झाली. मागून मोठे काळे मुंगळे आले. बायका लुगडी झटकायला लागल्या. पोरं रडायला लागली. माझ्या टाळाच्या दोरीवर एक रांग चढली, तरी मी ताल सोडला नाही.

बुवा अंजनीमातेपर्यंत आले होते. तेवढ्यात भिंतीचा घमेल्याएवढा पापुद्रा सुटला आणि मुंग्यांसकट लालासाहेबांच्या मांडीवर पडला.

“आयायायाया!” लालासाहेब उठले ते थेट नाचायलाच लागले. एवढी भक्ती त्यांच्या अंगात मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. “रॉकेल आना! रॉकेल वता!”

“रॉकेल रेशनचं, सरकार,” आकाराम म्हणाला. “त्ये तुमच्याच वाड्यावर हाय.”

“मग आना की वाड्यावरनं!”

“किल्ली तुमच्या कमरंला हाय!”

किल्ली कमरेला होती आणि कमरेत मुंग्या होत्या. तिकडं पूर्वेला उजाडत होतं.

बुवांनी गळ्यातली वीणा सावरली आणि पायरीकडं निघाले. लालासाहेब नाचता नाचता ओरडले, “बुवा, मंडप सोडायचा न्हाई!”

“मालक, मंडप थांबंल,” बुवा म्हणाले. “जन्म थांबत न्हाई.”

शास्त्रीबुवा धोतर झटकत उभे राहिले. “बाहेरची जागा संस्कारित नाही! तिथं जन्म कसा करणार?”

“मारुती काय मंडपात जन्मला व्हय, शास्त्रीबुवा? डोंगरात जन्मला.”

आम्ही टाळकरी मागोमाग निघालो. चार जणांनी पाळणा उचलला. सगळं गाव मागं वळलं. प्रदक्षिणेच्या वाटेनं कीर्तन चालत चालत देवळामागं आलं, आणि राहीबाई दचकून उठली. तिला वाटलं, आता ही भिंतही खरवडायला आले. ती भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

“सर बाई बाजूला,” बुवा म्हणाले. “मला टेकायला जागा दे.”

ती सरकली. बुवा भिंतीपाशी उभे राहिले आणि त्यांनी असा स्वर लावला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. सूर्याची कोर दिसली, आकारामनं पाळण्याची दोरी ओढली, गुलाल उडाला, आम्ही टाळ फोडायचे तेवढे बाकी ठेवले. पोरांनाही मुंग्यांची आठवण राहिली नाही.

मंडपात तेव्हा दोघंच होते. एक खाजवत होता आणि दुसरा त्याला सांगत होता की मुंगीला शुद्ध शब्द पिपीलिका.

सुंठवडा वाटायची वेळ झाली तेव्हा बुवा दमून मागं टेकले. भिंत अजून ओली होती. राहीबाई ओरडली, “आवं बुवा, अंगरखा! पाठ भरली की सगळी!”

बुवांनी वळून पाठ दाखवली. पांढऱ्या अंगरख्यावर तिच्या हाताच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, त्यात भुसकटाच्या काड्या.

“लागलं का कीर्तन तुझ्या भिंतीला?” त्यांनी विचारलं.

राहीबाईनं तोंडाला पदर लावला आणि मान हलवली. मग म्हणाली, “लागलं, बुवा.”

“मग पोचलं.”

एवढंच. बुवांनी श्लोक म्हटला नाही, शास्त्रीबुवांना टोमणा मारला नाही. टोमणे मारायचं काम मी करतो आहे, मला ती माफी असावी. मी नुसता टाळकरी.

लढाई संपल्यावर कृष्णात आला. हाडांचा सापळा झाला होता, कानानं कमी ऐकू येत होतं, पण आला. नवसानं आला की लढाई संपली म्हणून आला, ते मारुतीला विचारा. राहीबाईला आम्ही कधी विचारलं नाही. शास्त्रीबुवांनी त्या सकाळनंतर आमच्या गावी मुक्काम केला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी तुपावर भाषा धुवायला गेले. लालासाहेबांनी पुढं सिमिट मिळू लागल्यावर मंडप नवा बांधला आणि दारावर आपल्या नावाची संगमरवरी पाटी लावली. अक्षरं सोनेरी आहेत. ती विसरायची त्यांनी सोयच ठेवलेली नाही.

राहीबाईचं नाव कुठं लिहिलेलं नाही. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. कीर्तनाला बसाल, बुवा जन्मापर्यंत येतील आणि तुमचं मन भरून येईल, तेव्हा हात जोडलेलेच असतील. तर तेवढ्यात एकदा, मनातल्या मनात का होईना, आमच्या राहीबाईची आठवण काढा.